पहिली कादंबरी: बाड पाठवल्यापासून रॉयल्टीच्या पहिल्या विवरणापर्यंत

कादंबरी छापून आल्यापासून भेटेल तो विचारतो, "कोणामार्फत दिलंत?" कोणामार्फतच नाही, असं सांगितलं की समोरच्याला खरं वाटत नाही. इंग्रजीत लिहिणाऱ्यांचा लिटररी एजंट असतो. तो बाड, म्हणजे पुस्तकाचं हस्तलिखित, वाचतो, प्रकाशक शोधतो, कराराची घासाघीस करतो आणि लेखकाला मिळणाऱ्या रकमेतून साधारण १५ ते २० टक्के घेतो. आपल्या देशातले एजंटही बहुतेक इंग्रजी पुस्तकांचंच काम बघतात. मराठीत लेखक आणि प्रकाशक यांच्यामध्ये सहसा कोणी नसतं. त्यामुळे पाठवणं, पाठपुरावा, करार, हक्क हे सगळं लेखकाने स्वतःच बघायचं असतं, आणि ते कसं बघायचं हे कोणी शिकवत नाही. सांगली जिल्ह्यातल्या तासगावसारख्या गावात बसून पहिलं पुस्तक लिहिणाऱ्याला विचारायला जवळपास माणूसही नसतो. म्हणून माझं कसं झालं ते क्रमाने लिहिते.

मी बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये हिशेब बघते. कादंबरी बेदाण्याच्या शेडवर, म्हणजे द्राक्षं वाळवतात तिथे, काम करणाऱ्या बायकांची आहे. शालन त्यांच्यातलीच एक. पहिला खर्डा जून २०२१ मध्ये पूर्ण झाला, दिवाळीपर्यंत तो पुन्हा लिहिला आणि जानेवारी २०२२ मध्ये पाठवायला सुरुवात केली.

त्याआधी एक काम केलं, त्याचा फार उपयोग झाला. वाचनालयात जाऊन गेल्या चार-पाच वर्षांत आलेल्या ग्रामीण कादंबऱ्या काढल्या आणि त्यांची श्रेयनामावलीची पानं वाचली. प्रकाशक कोण, आवृत्ती कितवी, संपादन किंवा मुद्रितशोधन (प्रुफं तपासण्याचं काम) करणाऱ्याचं नाव दिलंय का. ज्यांनी ही नावं छापली होती आणि नवीन लेखकाचं किमान एक पुस्तक काढलं होतं, त्यांची यादी केली. नावं छापणारा प्रकाशक संपादनाला काम समजतो, असा माझा अंदाज होता आणि तो बरोबर निघाला.

पाठवताना ईमेलमध्ये अर्ध्या पानाचं पत्र, एका पानाचा सारांश आणि पहिली तीन प्रकरणं जोडली. सारांशात शेवटही सांगितला. तो लपवू नका. प्रकाशकाला कथा कुठे जाते ते कळलं पाहिजे. मजकूर युनिकोडमध्ये, १४ पॉइंटात, ओळींमध्ये ऐसपैस जागा सोडून, पानांना क्रमांक घालून. एका प्रकाशकाने ईमेल नको, छापील प्रत हवी असं कळवलं. तासगावात एका बाजूने प्रिंट काढायला पानाला २ रुपये पडले, २६० पानांचे ५२० रुपये, वर स्पायरल बाइंडिंग आणि रजिस्टर्ड पोस्ट. पोस्टाची पावती जपून ठेवा, तीन महिन्यांनी फोन केला की "कधी पाठवलं होतं?" हाच पहिला प्रश्न येतो.

लेखन चोरीला जाईल ही भीती मला घरच्यांनी घातली होती. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे लिहिल्या क्षणापासून हक्क लेखकाचाच असतो, नोंदणी सक्तीची नाही. तरी हवी असेल तर ती ऑनलाइन होते. साहित्यकृतीला ५०० रुपये शुल्क आहे, अर्ज भरला की डायरी क्रमांक मिळतो आणि पुढे ३० दिवस हरकतींसाठी थांबावं लागतं. मी ती केली, कारण त्यामुळे माझी झोप सुधारली. प्रकाशकांपैकी कोणीही ती मागितली नाही.

मग वाट बघणं सुरू झालं. दोन ठिकाणांहून साधारण चार महिन्यांनी "आमच्या प्रकाशन-योजनेत बसत नाही" असं पत्र आलं. एका ठिकाणाहून काहीच नाही. साभार परतीच्या पत्रात कारण नसतं, आणि ते मनाला फार लागतं. पुढे माझ्या संपादकांनी सांगितलं की लहान संस्थेत बाडं वाचणारी माणसं दोन किंवा तीनच असतात, त्यात दिवाळीच्या आधीचे महिने आणि डिसेंबर-जानेवारीचे ग्रंथप्रदर्शनांचे दिवस हातात नसतात. त्यामुळे पाठवायचंच असेल तर फेब्रुवारी ते जून हा काळ बरा. एकाच वेळी अनेकांना पाठवावं का, यावर मतं वेगळी आहेत. मी एका वेळी दोघांना पाठवलं आणि पत्रात तसं स्पष्ट लिहिलं. कोणी नाराज झालं नाही.

याच काळात मी राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेचीही माहिती काढली. ज्यांचं एकही पुस्तक आलेलं नाही अशांच्या पहिल्या पुस्तकासाठी ती आहे, मुंबईला प्रभादेवीतून तिचं काम चालतं आणि बाड तज्ज्ञांकडे वाचायला जातं. मी अर्ज करायच्या आत दुसरीकडून बोलावणं आलं म्हणून केला नाही. पण कवितासंग्रह किंवा कथासंग्रह असेल तर ही वाट नक्की बघा. नव्या लेखकाच्या कथासंग्रहाला हात घालायला प्रकाशक कचरतात.

आणि एक फोन आला होता तो सांगायलाच हवा. समाजमाध्यमावरच्या जाहिरातीवर मी नाव-नंबर भरला होता. दुसऱ्याच दिवशी एक गृहस्थ म्हणाले, "मॅडम, तुमची निवड झालीय." बाड अजून पाठवलंच नव्हतं. ६५,००० रुपये भरायचे, ३०० प्रती छापणार, त्यातल्या २०० मी घ्यायच्या, आणि आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाच्या ओळख-क्रमांकाचे, वेगळे ३,००० रुपये. आयएसबीएन आपल्याकडे राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून दिला जातो आणि त्याला शुल्क नाही. स्वतः पुस्तक काढणाऱ्या लेखकालाही तो ऑनलाइन अर्ज करून फुकट मिळतो. स्वखर्चाने पुस्तक काढण्यात काहीच गैर नाही, अनेक चांगली पुस्तकं तशी आली आहेत. मात्र ते छपाईचं काम आहे हे समजून, छापखान्याचे दर विचारून करावं. न वाचता "निवड" करणाऱ्याला पैसे देऊ नयेत.

माझी वाट उघडली ती दिवाळी अंकातून. १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाने पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून नवा लेखक संपादकांच्या नजरेस पडतो तो बहुतेक इथेच. कादंबरीतलं एक प्रकरण मी स्वतंत्र कथा करून २०२२च्या एका अंकाला दिलं. मानधन ७५० रुपये. डिसेंबरात पुण्याहून एका प्रकाशन संस्थेच्या संपादकांचा फोन आला. "शेडमधली कथा तुमचीच ना? मोठं काही लिहिताय का?" जानेवारी २०२३ मध्ये पूर्ण बाड पाठवलं. मे महिन्यात त्यांनी पुण्याला बोलावलं.

सदाशिव पेठेतलं दुसऱ्या मजल्यावरचं ऑफिस, टेबलावर माझं बाड, कडेला पेन्सिलीने भरलेलं. संपादकांचं वय साठीच्या पुढचं, म्हणून मी त्यांना ताई म्हणायला लागले. त्या मला शेवटपर्यंत तुम्हीच म्हणाल्या. त्यांनी आधी सहा पानांचा अभिप्राय वाचायला दिला आणि चहा मागवला. त्यातलं दुसरंच वाक्य असं होतं: "पहिली चाळीस पानं तुम्ही मला शेडची माहिती देताय. ही माहिती तुमच्या शालनला आहेच. मग ती कोणासाठी बोलतेय?"

मी म्हणाले, बाहेरच्या वाचकाला कळायला नको का? छाटणी दोन असतात, एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी. मग काडीच्या डोळ्यांना पेस्ट लावायची. मग माल आला की पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात घड बुडवून जाळीवर टाकायचे. हे सांगितल्याशिवाय पुढचं कसं समजणार?

ताई म्हणाल्या, "खरड छाटणी म्हणजे काय हे माझ्या पुण्यातल्या वाचकाला नाही कळलं तरी चालेल. त्या दिवशी त्या बाईच्या हातांना काय होतं ते कळलं पाहिजे."

त्या एका वाक्यावर माझं पुढचं सगळं काम झालं. पेस्ट लावण्याचं प्रकरण आधी असं सुरू होत होतं: "ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीला रसायन लावले जाते." आता ते असं आहे: "हातमोजा अंगठ्याशी फाटला होता. मुकादमाकडं दुसरा मागायचा तर अर्धा तास जाणार. शालननं अंगठा मुठीत घेतला आणि चार बोटांनीच पेस्ट लावत राहिली. रात्री भाकरी थापताना तो अंगठा पिठाला लागू देत नव्हती." रसायनाचं नाव गेलं. ते कशासाठी लावतात हे दोन पानांनंतर मुकादमाच्या शिवीतून कळतं.

ताईंनी माझं एकही वाक्य स्वतः लिहून दिलं नाही, हे मला आवर्जून सांगायचंय. त्या प्रश्न विचारायच्या. "इथे ही गप्प का?" "हे दोघं याआधी कधी बोललेत?" "हा परिच्छेद तुम्हाला आवडतो म्हणून आहे की हवा म्हणून?" मराठीत संपादनाची मोठी परंपरा आहे, 'मौज' आणि 'सत्यकथा' या नियतकालिकांचे संपादक श्री. पु. भागवत, राम पटवर्धन लेखकांना किती बारकाईने पत्रं लिहीत, पुनर्लेखन करायला लावत, हे आपण वाचत आलोय. 'सत्यकथा' १९८२ मध्ये बंद झालं. तशी माणसं आज मोजकी असतील, पण आहेत, आणि त्यांना त्या कामाचा वेगळा पैसा फारसा मिळत नाही. म्हणून पहिल्या भेटीतच विचारा: माझ्या पुस्तकाचं संपादन कोण करणार? "आमचे मुद्रितशोधक बघतील" असं उत्तर आलं तर समजा की शुद्धलेखन तपासलं जाईल, पुस्तक नाही.

बोलीचा प्रश्न वेगळाच होता. आमच्याकडे "काय करालीयास" म्हणतात, पण तीच बाई शिकलेल्या माणसाशी बोलताना "काय करतीयास" म्हणते. ताईंनी विचारलं, हे तुम्ही जाणून केलंय का? काही ठिकाणी होतं, काही ठिकाणी हाताला आलं तसं. मग आम्ही एक तक्ता केला: पात्र, कोणाशी बोलतंय, क्रियापदाचं रूप काय. निवेदन साहित्य महामंडळाच्या १९६२च्या शुद्धलेखन नियमांप्रमाणे, संवाद बोलीत, आणि बोलीत मुद्रितशोधकाने हात घालायचा नाही अशी सूचना बाडाच्या पहिल्या पानावर. बोलीत लिहिणाऱ्या प्रत्येकाने हा तक्ता करावा. तो नसला की मुद्रितशोधक प्रामाणिकपणे सगळं "शुद्ध" करून ठेवतो.

पुनर्लेखनाला बसण्याआधी मी करार मागितला. ताईंना ते विचित्र वाटलं नाही, मला मात्र मागताना फार अवघड गेलं होतं. पुस्तक घेतायत हेच खूप, आता कागद काय मागायचा, असं आपल्याला वाटतं. पण हिशेबाचं काम करणारीला तोंडी व्यवहार पचत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये १०० रुपयांच्या मुद्रांकावर करार झाला. (ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात तिथे ५०० रुपयांचा मुद्रांक लागतो.)

पहिल्या मसुद्यात "सर्व भाषांतील व सर्व माध्यमांतील हक्क कायमस्वरूपी" प्रकाशकाकडे असं होतं. छापील नमुना होता, सगळ्यांना तोच देतात. मी सांगलीतल्या वकिलांना दाखवला, त्यांनी १,५०० रुपये घेतले आणि ते पूर्ण वसूल झाले. त्यांनी कॉपीराइट कायद्याचं कलम १९ समजावलं: हक्क देण्याचा करार लेखी आणि सहीचा हवा, मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरतात. म्हणून "कायमस्वरूपी" हा शब्द आहे की नाही याला एवढं महत्त्व. मी पत्र लिहून विनंती केली: मराठी छापील आणि ई-बुक हक्क सात वर्षांसाठी द्यायला तयार आहे, अनुवाद, ऑडिओ आणि नाट्य-चित्रपटाचे हक्क माझ्याकडे राहू द्यावेत. ई-बुक आणि अनुवादावर थोडी चर्चा झाली, बाकी त्यांनी सहज मान्य केलं. पुस्तकं ऐकवणारं स्टोरीटेल हे ॲप २०१७ मध्ये भारतात आल्यापासून मराठीत ऑडिओचे हक्क ही कागदावरची गोष्ट राहिलेली नाही, ते न विचारता देऊन टाकू नका.

रॉयल्टी १० टक्के, पण कशाच्या १० टक्के हे बघा. आमच्या पुस्तकाची किंमत ३२० रुपये ठरली. छापील किमतीवर १० टक्के म्हणजे प्रतीला ३२ रुपये. तेच "प्रकाशकाला प्रत्यक्ष मिळालेल्या रकमेवर" असतं आणि विक्रेत्याला ४५ टक्के सूट गेली असती, तर १७ रुपये ६० पैसे. टक्का तोच, हातात येणारी रक्कम जवळजवळ निम्मी. करारात "छापील किमतीवर, विकल्या गेलेल्या प्रतींवर" असे शब्द घालून घेतले. पहिली आवृत्ती १,००० प्रतींची, लेखकाला १० प्रती भेट, पुढच्या ४० टक्के सवलतीने, हिशेब दरवर्षी ३१ मार्चअखेर, आणि पुस्तक वर्षभर बाजारात उपलब्ध नसेल तर नोटीस देऊन हक्क परत. आगाऊ रक्कम नव्हती. सगळी आवृत्ती विकली गेली तरी ३२,००० रुपये होतात, हे आधीच माहीत असलेलं बरं.

पुनर्लेखन नोव्हेंबरपर्यंत चाललं. २६० पानांची २१० झाली. काढून टाकलेल्यात शेडमालकाच्या मुलाचं आख्खं उपकथानक होतं. ते जाताना वाईट वाटलं, आजही त्याची एक स्वतंत्र कथा होईल असं वाटतं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये अक्षरजुळणी झाली आणि पहिली मुद्रितं, म्हणजे प्रुफं, आली. इथे एक तांत्रिक गोष्ट सांगते, कारण ती कोणी सांगत नाही. मजकूर युनिकोडमध्ये दिला तरी पुष्कळ ठिकाणी तो जुन्या फॉन्टमध्ये बदलून मग पानं लावतात. त्या बदलात "ऱ्य" मोडतो. माझ्या पुस्तकात "शेतकऱ्यांना" हा शब्द पानोपानी, आणि मुद्रितांत सगळीकडे "शेतकर्यांना" झालेलं. "दुसऱ्या"चं "दुसर्या", "ॲसिड"मधला ॲ गायब. एकेक खूण करत बसू नका. चुकणाऱ्या अक्षरांची यादी करून अक्षरजुळणी करणाऱ्यांना द्या, ते एकदम शोधून बदलतात. मी फोनवर बोलून घेतलं, त्यांनी एका दिवसात केलं.

ऱ्हस्व-दीर्घासाठी मुद्रितशोधक होते आणि ते फार नेमके होते. विहीर पण विहिरीत, जमीन पण जमिनीवर, फूल पण फुलं; माझ्या डोळ्यांना न दिसलेल्या जागा त्यांनी लाल शाईने काढल्या. संवादांना मात्र सूचनेप्रमाणे त्यांनी हात लावला नव्हता. दुसरी मुद्रितं छापील कागदावर घेऊन मोठ्याने वाचली. पडद्यावर वाचू नका. मेमध्ये अंतिम मुद्रितांवर सही केली. या टप्प्यावर वाक्यं बदलायची नसतात. एक ओळ वाढली की एकत्र छापल्या जाणाऱ्या सोळा पानांच्या फर्म्याचं गणित बिघडतं आणि खर्च प्रकाशकावर पडतो.

मुखपृष्ठाची दोन चित्रं दाखवली, एक निवडलं. मलपृष्ठावरचा मजकूर ताईंनी लिहिला.

पुस्तक जुलै २०२४ मध्ये आलं. प्रकाशन समारंभाचा खर्च बहुतेक लेखकाकडे येतो, हे धरून चला. मी समारंभ केला नाही. त्याऐवजी शेडवरच्या बायकांसमोर दोन प्रकरणं वाचली, आणि तिथे शालनच्या अंगठ्याशी पोचल्यावर एकीने दुसरीचा हात पुढे करून मला दाखवला. त्यानंतर मला पुस्तकाबद्दल कोणाचा अभिप्राय काय येतो याची धाकधूक उरली नाही.

प्रकाशकाला मात्र दोन आठवणी करून दिल्या. पुस्तकाची प्रत राज्याच्या ग्रंथालय संचालनालयाकडे ग्रंथनिवडीसाठी पाठवा, कारण गावोगावच्या शासनमान्य ग्रंथालयांची खरेदी त्या यादीकडे बघून होते. आणि राज्य वाङ्मय पुरस्कारांत प्रथम प्रकाशनाचा वेगळा गट असतो, त्याची जाहिरात आली की अर्ज करा. दोन्ही त्यांनी केलं. विचारलं नसतं तरी केलं असतं कदाचित, पण एजंट नसल्यावर हे आपणच बघायचं.

रॉयल्टीचं पहिलं विवरण मार्च २०२५ अखेरचं, ते पत्र लिहून मागितल्यावर जुलैत आलं. ४१२ प्रती विकल्या गेल्या, १३,१८४ रुपये, बँकेत जमा. विवरणात छापलेल्या, विकलेल्या, भेट व अभिप्रायार्थ दिलेल्या, विक्रेत्यांकडून परत आलेल्या आणि शिल्लक प्रती असे वेगळे रकाने मागा, आणि बेरीज छापील प्रतींशी जुळते का ते बघा. माझ्या विवरणात "अभिप्रायार्थ" रकाना नव्हता, बेरीज ३८ने कमी येत होती. ईमेलने विचारलं, आठवड्यात यादी आली: वृत्तपत्रं, समीक्षक, पुरस्कारांसाठी गेलेल्या प्रती, आणि कायद्याने ठरावीक ग्रंथालयांना द्यायच्या प्रती. १९५४च्या कायद्याप्रमाणे कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि इतर ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांना प्रत्येक नव्या पुस्तकाची प्रत पाठवावी लागते. पुढच्या वर्षापासून तो रकाना विवरणातच घालू, असं त्यांनी कळवलंय.

कन्नडमध्ये अनुवादासाठी एकांनी विचारणा केली आहे. हक्क माझ्याकडे असल्याने पत्रव्यवहार मीच करतेय. त्या कराराचं काही ठरलं की त्यावर वेगळं लिहीन. कोणाला प्रकाशकाला पाठवायच्या पत्राचा किंवा बोलीच्या तक्त्याचा नमुना हवा असेल तर कळवा, पाठवते.